बाईंचा घसा

बाईंचा आवाज म्हणजे काय चीज होती ते आधी सांगायला हवं. शाळेच्या पडवीतून त्यांनी "अरे ए!" अशी हाक मारली, की मैदानावरची पोरं जागच्या जागी थिजायचीच, पण पलीकडच्या हमरस्त्यावरचा एखादा सायकलवालाही पाय टेकून मागे बघायचा, आपलं काय चुकलं म्हणून. हा आवाज त्यांना जन्मापासून नव्हता बरं का. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या इतक्या हळू बोलायच्या की सासूबाईंना वाटलं, सून घुमी आहे. आवाज कमावला तो शाळेत. एक खोली, वर पत्रा, आणि त्या एका खोलीत पहिली ते चौथी. चार कोपऱ्यांत चार वर्ग बसवायचे, मधे उभं राहायचं, आणि पहिलीला बाराखडी, दुसरीला पाढे, तिसरीला भागाकार, चौथीला नकाशा, हे सगळं एकाच तोंडानं. शिवाय एका कोपऱ्याशी बोलताना उरलेल्या तीन कोपऱ्यांतला गलका आपल्या आवाजाखाली दाबून धरायचा. एकोणीस वर्षं बाईंनी हे केलं. त्यातली सात वर्षं दुसरा शिक्षक द्या म्हणून दरवर्षी एक अर्ज केला. वरून दरवर्षी एकच उत्तर यायचं, विचाराधीन. विचार करणाऱ्यांचा घसा थोडाच दुखत होता!

आधी आवाज घोगरा झाला. बाईंनी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या आणि आणखी जोरात बोलल्या, कारण घोगरा आवाज चौथीपर्यंत पोचेना. मग एका सोमवारी दुसरीला सातचा पाढा म्हणून दाखवताना "सात सक" असं म्हटलं आणि पुढे नुसती हवा आली. पोरं वाट बघत राहिली. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी चौथीच्या कोपऱ्यातून कुणीतरी "बेचाळीस" म्हणून टाकलं, बाईंना आठवत नसेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना मोठ्या गावातल्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला सगळे घड्याळवाले म्हणायचे, आणि घरात बाईंचा आवाज एवढा मोठा असल्यामुळे की काय कोण जाणे, त्याचं सगळं बोलणं "हं" एवढ्यात आटपायचं. डॉक्टरांनी बाईंच्या घशात आरसा घालून पाहिलं.

"मुगाच्या दाण्याएवढ्या दोन गाठी आहेत," ते म्हणाले. "ओरडून ओरडून झाल्यात. बावीस दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. हे पाळलंत तर आवाज परत येईल. नाहीतर कापावं लागेल, आणि मग आवाज येईल का, कसा येईल, ते मी सांगणार नाही."

बाईंनी बोटांनी विचारलं, बावीसच का?

"तीन आठवडे पुरतात. पण तुम्ही शिक्षक मंडळी एक दिवस आधीच सुरू करता, म्हणून एक माझ्या पदरचा. सरळ रजा टाका."

तेव्हा घड्याळवाले बोलले. महिन्याभराचं एकदम बोलले. "रजा टाकली की शाळेला कुलूप लागेल हो. बदलीवर द्यायला माणूस नाही. पोरांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जा म्हणतील. सहा वर्षांची पोरं ट्रकमधून वाट काढत जातील कशी? अर्धी घरीच बसतील, मुली तर नक्कीच. आणि लागलेलं कुलूप पुन्हा उघडलेलं कुणी बघितलंय?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. घशाचं औषध त्यांच्याकडे होतं, शाळेचं नव्हतं.

सकाळी बाई निघाल्या तेव्हा घड्याळवाल्यांनी त्यांच्या हातात एक वस्तू ठेवली. आपल्या सायकलची घंटा काढून त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यावर बसवली होती, तेलपाणी करून. "एकदा वाजली की पहिली. दोनदा दुसरी, तीनदा तिसरी, चारदा चौथी. सलग वाजली की सगळे." एवढं सांगून ते पुन्हा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात शिरले. महिनाभर मग ते रस्त्यात माणसांना "सरका, सरका" म्हणत सायकल चालवत होते. त्या माणसाला एवढं बोलताना गावानं प्रथमच ऐकलं.

शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं: माझा घसा बसला आहे. बावीस दिवस मी बोलणार नाही. चौथीनं वाचून दाखवलं. पोरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोला! पहिला दिवस नुसता गोंधळ. घंटा कितीदा वाजली यावर भांडणं, दुसरीला बोलावलं की तिसरीही उठायची. स्वयंपाकाच्या मावशी तर दुपारी बाईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "जेवण! तयार! आहे!" अहो मावशी, घसा बसलाय, कान नाही! पण हे बाईंना म्हणता कुठे येत होतं. त्या दिवशी त्या घरी आल्या त्या थेट भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हाताशी सहा वर्षांची मुलगी, मुलीच्या गालावर ही एवढी खळी. ती माणसं नुकतीच गावात आली होती. आई गोदामात पोती शिवायची. तिला ऐकू येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं, आणि गावानं आठ दिवसांत तिचं नाव 'मुकी' ठेवून दिलं होतं. नाव ठेवायला आपल्याला वेळ लागत नाही. मुलीच्या जन्माचा दाखला तिनं छातीशी धरला होता आणि चेहरा आधीच दगडासारखा करून ठेवला होता. कारण कुठेही गेली तरी हेच व्हायचं. माणसं एकदा तिच्याकडे बघायची आणि मग तिच्या डोक्यावरून मागे बघायची, सोबत बोलणारं कुणी आहे का म्हणून.

बाईंनी सवयीनं तोंड उघडलं. मग आठवलं. तोंड मिटलं, घशाला हात लावला आणि हात हलवून सांगितलं, बंद आहे.

ती बाई बघत राहिली. तिला आधी वाटलं, ही चेष्टा करतेय. मग बाईंनी ठोकळ्यावरची घंटा उचलून दाखवली, पोरांकडे बोट केलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा ती हसली. आवाज न करता, पण अंगभर हसली. पुढचा अर्धा तास त्या दोघी पडवीत बसून हातांनी अर्ज भरत होत्या. दाखल्यावरचं मुलीचं नाव बाईंनी रजिस्टरात उतरवलं. मग आईनं स्वतःच्या गालावर बोट टेकवून जरासं फिरवलं. घरी मुलीला ती अशीच हाक मारायची. नंबर एकतीस. शाळेत तिचं नाव पडलं खळी.

खळीला ऐकू यायचं, बोलताही यायचं. पण तिचं बोलणं हातात जास्त होतं, तोंडात कमी. बाईंच्या ज्या हातवाऱ्यांपुढे बाकीची पोरं डोकं खाजवत होती, ते तिला बघताक्षणी कळायचे. बाईंनी दोन बोटं फिरवली की खळी हळूच म्हणायची, "पुन्हा करा म्हणतात." पाणी, बस, थांब, समजलं का, याच्या खुणा तिनं आधी पहिलीला शिकवल्या, मग दुसरीला. आठवड्याभरात पहिलीतली ही चिमुरडी सगळ्या शाळेची मुकादम होऊन बसली. हजेरी आता पोरं आपापली द्यायची. "एक हजर, दोन हजर" असं करत तीसपर्यंत यायचं, आणि एकतीसला खळी नुसतं गालावर बोट टेकवायची. बाई तिच्यापुढे बरोबरची खूण करायच्या.

आता कुणाला वाटेल, वा, शाळा कशी शांत झाली, किती छान! छान कसलं डोंबलाचं. गलका कमी झाला हे खरं, कारण बाईंच्या हातांकडे बघायचं तर गप्प बसावंच लागायचं. पण जे दहा शब्दांत सांगून व्हायचं ते चार वर्गांसाठी चार वेळा फळ्यावर लिहायचं. संध्याकाळी बाईंचा खांदा ठणकायचा, नाकात खडूची भुकटी, आणि पाट्यांवरचे हिशेब तपासून डोळ्यांपुढे काजवे. तरी दिवस उजाडला की त्या निघायच्या. मनात एकच धास्ती असायची, चुकून एखादा शब्द तोंडातून गेला तर? झोपेतून उठल्या की आधी घशाला हात लावायच्या, चोर येऊन गेला नाही ना, असं बघतात तसा.

संध्याकाळी खळीची आई न्यायला यायची ती लगेच जायची नाही. दोघी पडवीच्या पायरीवर बसायच्या. गोदामातला मुकादम कसा चालतो, हे ती उठून चालून दाखवायची, आणि बाई पोट धरून, आवाज न करता हसायच्या. गावात आल्यापासून त्या बाईला गप्पा मारायला मिळालेलं हे पहिलं माणूस. खळी दोघींच्या मधे बसून दोघींचे हात बघत असायची. दुसरीतल्या एकानं तिला सांगितलं, "आमच्या बाई किती मोठ्यानं बोलतात माहितीये? हमरस्त्यापर्यंत ऐकू जातं."

"खोटं," खळी म्हणाली. "बाई माझ्या आईसारख्या आहेत."

सोळाव्या दिवशी निरीक्षक साहेब आले. न सांगता, मोटारसायकलवरून. बाई पहिलीच्या कोपऱ्यात खाली बसून एकीचा हात धरून अक्षर गिरवत होत्या. दारात साहेब दिसले. बोलता न येणारी शिक्षिका! आता हे लिहिणार 'अपात्र', सक्तीची रजा, आणि दाराला कुलूप. एकोणीस वर्षांची सवय अशी वाईट, की साहेब दिसताच "या साहेब" म्हणायला तोंड आपोआप उघडलं.

आणि खळीनं आपला इवलासा तळवा सरळ बाईंच्या तोंडावर दाबला.

मग मागे वळून तिनं साहेबांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. गप्प. साहेब एक पाय आत, एक पाय बाहेर, तसेच थांबले. आयुष्यात त्यांना कुणी गप्प केलं नसेल, आणि इथे गुडघ्याएवढी पोर करतेय. ते गुपचूप खुर्चीवर जाऊन बसले.

तीनदा घंटा वाजली, तिसरी उभी राहिली. बाईंनी फळ्यावर भागाकार मांडला, दोन बोटं फिरवली, तिसरी पाट्यांवर वाकली. एकदा घंटा वाजली, पहिलीनं खडे मांडले. चौथीनं नकाशा उघडला. शब्द नाही. साहेबांनी अर्धा तास बघितलं, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात जे झालं ते फक्त शिक्षण खात्यातल्याच माणसाच्या डोक्यात होऊ शकतं. दर महिन्याला वरून एक नवी पद्धत यायची, तिचं नवं नाव, तिचं परिपत्रक, तिचं प्रशिक्षण. त्यातली अर्धी परिपत्रकं साहेब न वाचता सही करून पुढे ढकलायचे. त्यांना वाटलं, मेलो, ही त्यातलीच एक! आपण वाचलेली नाही, आणि या बाईंनी तर अंमलातसुद्धा आणली. आता विचारावं तर आपलं पितळ उघडं पडणार.

त्यांनी घसा खाकरला. साहेबांना दर वाक्याआधी खाकरायची सवय होती. "वा, बाई! नवी पद्धत अगदी मुरवलीत. बाकीच्या शाळांनी अजून कागदसुद्धा उघडलेला नाही." आणि शेरेबुक ओढून त्यांनी शाईच्या पेनानं लिहिलं: शब्दाविना अध्यापन पद्धतीची उत्कृष्ट अंमलबजावणी. इतर शाळांनी आदर्श घ्यावा.

दाराआडून मावशी दोन्ही हातांनी खुणा करत होत्या, राहू दे, राहू दे, असंच जाऊ दे. खरंच, बाईंनी करायचं काय होतं? गप्प बसायचं. ते तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं. शाबासकी मिळाली असती, शाळाही वाचली असती.

पण बाईंना ते सात अर्ज आठवले. बावीस दिवसांनी आवाज येईल, आणि तेविसाव्या दिवशी पुन्हा चार कोपऱ्यांशी ओरडायचं. मग पुन्हा गाठी. आणि हे कौतुक वाचून आणखी कितीजणींच्या तोंडाला बूच बसेल कोण जाणे! त्यांनी एका मुलीची पाटी घेतली. घाईत अक्षर वाकडं आलं. लिहिलं: पद्धत नाही साहेब. घसा गेला आहे. चार वर्ग, एक खोली, मी एकटी. शाळा बंद करू नका. माणूस द्या.

साहेबांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. त्यांचे कान लाल झाले.

"गाठी?" त्यांनी विचारलं.

बाईंनी मान हलवली.

साहेबांनी पाटी बाईंना परत दिली. मग म्हणाले, "माझ्या दोन काढल्या. डोंगरावरच्या शाळेत होतो अकरा वर्षं. असेच चार वर्ग. कापल्यानंतर आवाज हा असा झाला, वर्गात चालेना, म्हणून खुर्चीवर बसवलं. लोकांना वाटतं मला बढती मिळाली." ते पुन्हा खाकरले, आणि आता बाईंना कळलं की ती सवय नव्हती.

शाईनं लिहिलेलं खोडायची सोय नव्हती. साहेबांनी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: ही पद्धत एका शिक्षिकेच्या घशावर चालली आहे. दुसरा शिक्षक ताबडतोब द्यावा. मग पेन खिशाला लावून त्यांनी खडू उचलला आणि आपल्या त्या चिरक्या आवाजात तासभर तिसरीला भागाकार शिकवला. जाताना पँटला खडू लागला होता, तो त्यांनी झटकला नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी हुकूम आला. सहाव्या! सरकारी कागद इतका लवकर हलला यावर घड्याळवाल्यांचा विश्वास बसेना, त्यांनी तारीख भिंगातून तपासली. मोठ्या शाळेतले एक तरुण सर आठवड्यातून तीन दिवस येणार, तिसरी-चौथी घेणार. पूर्ण माणूस नाही, अर्धा म्हणा. पण सात वर्षांच्या विचारातून अर्धा माणूस निघाला हेही नसे थोडके. त्याच पाकिटात एक परिपत्रकही होतं, सर्व शाळांनी दर शनिवारी एक तास शब्दाविना अध्यापन करावे म्हणून. शेरेबुकातली वरची ओळ कुणीतरी वाचली होती. बाईंनी ते नीट घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

बावीस दिवस भरले. डॉक्टरांनी आरसा घातला, काढला. "म्हणा, आ."

"आ," बाई म्हणाल्या. बारीक, हलका आवाज. लग्न होऊन आल्या तेव्हाचा.

"आला," डॉक्टर म्हणाले. "पण जुना आवाज विसरा. आता ओरडायचं नाही. कधीच नाही."

रस्त्यावर आल्यावर बाईंनी हाक मारली, "अहो."

घड्याळवाले थांबले. "हं," म्हणाले. मग तिथेच उभं राहून त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. बाईंचेही डोळे भरून आले. बावीस दिवस मनात साठवलेलं सगळं सांगायचं होतं, पण आता घाई नव्हती.

सकाळी वर्गात शिरून बाई म्हणाल्या, "बसा." एवढंच, आणि हळू. पण खोलीत एकच जल्लोष झाला. "बाई बोलल्या! बाई बोलल्या!" पोरांनी उड्या मारल्या, मावशी स्वयंपाक टाकून धावत आल्या, पडवीत तिसरी-चौथीला घेऊन बसलेले नवे सर गोंधळून उठून उभे राहिले.

खळी उठली नाही. पोरं शांत झाल्यावर ती टेबलापाशी आली.

"तुम्ही बोलता?"

"हो गं. आता बरी झाले मी."

"पहिल्यापासून बोलता?"

"हो."

खळीनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मग आता माझ्या आईशी कोण बोलणार?" असं म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आपल्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

बावीस दिवस जो आवाज जिवापाड जपला, तो परत आला म्हणून या पोरीचं काहीतरी गेलं होतं, आणि ते बाईंना एकटीलाच कळत होतं. त्यांनी हजेरीपट उघडला. आज नंबर त्यांनीच वाचायचे होते. पडवीतले तिसरी-चौथीवालेही दाराशी येऊन उभे राहिले.

"एक."

"हजर!"

"दोन."

"हजर!"

त्या नव्या, मऊ आवाजाकडे पोरं कान देऊन होती. वीस झाले, पंचवीस झाले. तीस झाले. मग बाई थांबल्या. त्यांनी तोंड मिटलं. ठोकळ्यावरची घंटा जवळ ओढली आणि एकदा वाजवली.

पहिलीची घंटा. खळीनं वळून बघितलं.

बाईंनी स्वतःच्या गालावर बोट टेकवलं आणि जरासं फिरवलं. मग पडवीच्या पायरीकडे बोट दाखवलं, दोन्ही हातांनी गप्पांची खूण केली, आणि हात गोल फिरवला: संध्याकाळी, आई आली की. रोज.

खळी बघत राहिली. आणि मग गालावर ती एवढी मोठी खळी पडली. उठून उभी राहिली आणि शाळेत आल्यापासून प्रथमच तोंड उघडून ओरडली, "एकतीस हजर!" इतक्या मोठ्यानं, की नव्या सरांच्या हातातला खडू खाली पडला.

बाईंनी घशावर हात ठेवला आणि हसत मान हलवली: ओरडायचं नाही गं.